खोका नंबर सात

नेरहून दिग्रस, दिग्रसहून पुसद,
पुसदहून इथं, माळखुट्याला.
छोट्या हत्तीत नेहमीचे नऊ खोके
आणि त्यात तो सात नंबरचा,
ज्याची चिकटपट्टी नेरलाच लावली होती.

बयनाबाई ओट्यावर बसून माझं सामान मोजत होत्या,
बोटांनी नाही, भुवयांनी.
"बाप्पा! दुकान टाकता का, मास्तरीणबाई?"

त्यांच्या खोलीत शिरायला मला पंधरा दिवस लागले.
खाट. दोन गंज, कोपर, गडवा.
एक लुगडं खुंटीवर, एक अंगावर.
कोनाड्यात चष्मा, त्याला टेकून चुन्याची डबी.
आणि एक रेडिओ, आवाज इतका स्वच्छ
की बातम्या शेजारच्या घरात घडताहेत असं वाटावं.
मनातल्या मनात मोजलं: एकोणीस.
विळा शेवंताकडे गेला होता, म्हणजे वीस.
पण पायली दुसऱ्याची होती.
परत एकोणीस.

"एवढंच उरलं?" मी विचारलं,
आवाजात थोडी दया घालून.
"उरलं नाही वं. ठेवलं."
मग जरा थांबून:
"तवा इकला होता एकदा. ह्याच्या बापाच्या औषधाले.
ते येगळं. त्याले ठेवनं म्हनत नाही."

बाजारात सांबाराच्या एका जुडीपायी
दोन रुपयांसाठी त्यांनी चार पिढ्यांची ओळख काढली.
माळीण हसली, रुपया सोडला.
तिथून उठल्या त्या सरळ उकंडरावांच्या पालात,
कमरेची पिशवी उलगडली
आणि वाहाणांचे साडेआठशे मोजले,
घासाघीस नाही, तोंडातून शब्द नाही.
"पायाले फसवू नाही. पाय आठवन ठेवते."
जुन्या वाहाणा नऊ वर्षं चालल्या होत्या.
मला माझ्या नऊ वर्षांतल्या चपला आठवल्या,
दीडशेच्या, दोनशेच्या, पावसात उकललेल्या.
हा गुणाकार मी पाचवीच्या पोरांकडून रोज करून घेते.
पालासमोर उभ्याउभ्या स्वतःही केला.
उत्तर कुणाला सांगितलं नाही.

एप्रिलात एका रात्री लाईन गेली.
माझा कूलर मुका झाला.
त्यांच्या दाराला ओलं पोतं होतं,
मी चटई घेऊन त्या पोत्याच्या आतल्या बाजूला गेले.
अंधारातून प्रश्न आला:
"त्या सातात काय हाय वं?"
असेल काहीतरी. लग्नातलं.
"असंल? तुले माईत नाही?"
नाही.
"मंग ते तुयाजवळ नाहीच, पोरी.
तू निस्तं त्याचं गाडीभाडं भरून रायली."

राग आला. खरं सांगते, खूप आला.
एकटीच्या संसाराला बोलायला काय जातं,
असं काहीबाही मनात म्हणत
मी भिंतीकडे तोंड करून झोपले.
पोतं मात्र गार होतं.

रविवारी पट्टी कापली.
बदामाच्या आकाराचं घड्याळ.
झाकण न बसणारा गरम डबा.
फोटो नसलेली फ्रेम.
सहा ग्लास, जुन्या पेपरात गुंडाळलेले;
पेपर वाचत बसले तासभर,
तेवढंच त्यातलं कामाचं निघालं.
ग्लास अंगणवाडीत दिले,
एक तर त्याच दुपारी फुटला
आणि मला काहीच वाटलं नाही,
याचंच जरा वाटत राहिलं.
घड्याळ ठेवलंय. सेल टाकला तर चालतं.

रिकामा खोका बयनाबाईंनी नेला.
त्यांची कोंबडी खुडूक बसली होती.
तळाला भुसा, त्यावर अकरा अंडी,
आणि वर ती, फुगून, कुणालाच न जुमानता.
शाळेतून येताना रोज वाकून पाहते.
खोक्याच्या बाजूला अजून माझंच अक्षर आहे,
नेरच्या काळ्या शाईतलं:
जपून. फुटेल.